आईची दुसरी साक्ष

माझी आई नर्स होती, हे सांगताना मी आजही जरा ताठ बसते. शाळेतली पालकसभा असो, नाहीतर बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई असो, मी बोलणं कुठून तरी तिथपर्यंत आणतेच. नवरा म्हणतो, "तुला कुणी पाणी मागितलं तरी तू आईच्या ड्युटीवर जाऊन पोचतेस." म्हणू दे. गर्व करू नये असं चर्चमध्ये आम्हाला वर्षानुवर्षं शिकवतात आणि मीही मान डोलावते. पण या एका बाबतीत मी देवाजवळ माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाही.

हुबळीतल्या एका जुन्या दवाखान्यात तिनं पस्तीस वर्षं काढली. माहेर अळणावरचं, त्यामुळे कन्नड तिला मराठीइतकंच सहज येतं. रुग्णांशी कन्नड, आमच्याशी मराठी आणि रागावली की दोन्ही. गोळ्या वाटायची तिची एक रीत होती. शाळा सुटली की मी वॉर्डातल्या बाकावर गृहपाठ करत बसायचे, तेव्हा रोज बघायचे. गोळी हातावर ठेवण्याआधी ती पळभर डोळे मिटायची, ओठ किंचित हलायचे. मग गोळी द्यायची, पाणी द्यायची आणि गिळेपर्यंत खाटेशी उभी राहायची. गिळली म्हणून सांगितलं तरी तिचा विश्वास नसायचा. "बायि तगि," म्हणायची. म्हणजे तोंड उघड. जीभ वर कर, बाजूला कर. सगळं बघून झालं की पुढची खाट. दवाखान्यात तिचं नावच 'बायि तगि सिस्टर' पडलं होतं. एका म्हातारीनं एकदा विचारलं, सिस्टर, गोळी देताना तुम्ही काय पुटपुटता? आई म्हणाली, "गोळी मी देते. पण गुण देणारा दुसरा आहे, त्याला हाक मारते." म्हातारीला ते एकदम पटलं. तिनं गोळी घेतली आणि न सांगता तोंड उघडलं.

आम्ही मराठी ख्रिस्ती आणि राहतो हुबळीत. हे ऐकून लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. "मराठी? त्यात ख्रिश्चन? आणि इथं? म्हणजे तुम्ही नक्की कुठले?" मी म्हणते, "इथल्याच केशवापूरचे." तीन पिढ्या इथं गेल्या, आणखी कुठले असणार? रविवारी सकाळी कन्नड उपासना सुटते आणि त्याच चर्चमध्ये बाकं गरम असतानाच आमची मराठी सुरू होते. चाळीस-पन्नास माणसं. कोण आलं नाही हे पहिल्या गीतालाच सगळ्यांना कळतं, आणि का आलं नाही हे दुसऱ्या गीतापर्यंत.

आमच्यात साक्ष द्यायची पद्धत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपदेशाच्या आधी, ज्याच्या आयुष्यात प्रभूनं काही केलं असेल त्यानं पुढं येऊन मंडळीला सांगायचं. साक्षीला परवानगी लागत नाही, शिक्षण लागत नाही. पण तिचा एक साचा मात्र होऊन बसलेला आहे. मी आजारी होतो, डॉक्टरांनी हात टेकले, मंडळीनं प्रार्थना केली, प्रभूनं बरं केलं. मग सगळे मोठ्यानं आमेन म्हणतात. डॉक्टरांनी हात टेकले नसतील तर ते टेकवावे लागतात, त्याशिवाय साक्षीला रंग भरत नाही. हे मी चेष्टेनं म्हणते आहे, पण या चेष्टेतच आमची चूक होती, आणि ती सगळ्यात आधी मी केली.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी आई भाकरी थापत होती. थापता थापता तिचा उजवा हात पिठात तसाच पडून राहिला. मी शेजारीच कांदा चिरत होते. तिनं हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओरडली नाही, घाबरली नाही. जड जिभेनं म्हणाली, "माझं तोंड वाकडं झालंय का बघ." झालं होतं. "किती वाजले ते लिहून ठेव," म्हणाली, "डॉक्टर पहिलं तेच विचारतात." आठ वीस. मी ते कॅलेंडरवर लिहिलं, आणि अर्ध्या तासात आम्ही रिक्षातून दवाखान्यात पोचलो. तरुण डॉक्टर नंतर मला म्हणाले, पेशंटनं स्वतः वेळ सांगितल्याचं मी पहिल्यांदाच पाहतोय. मी त्या अवस्थेतही त्यांना सांगितलं, "नर्स आहे ती."

जीव वाचला. हात मात्र गेल्यासारखाच होता. दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब दोन वडीलजनांना घेऊन आले. आजाऱ्याला मंडळीच्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं आमच्यात शास्त्राप्रमाणे करतात. पाळकसाहेबांनी खिशातून तेलाची लहानशी बाटली काढली. तेवढ्यात आईनं डाव्या हातानं भिंतीकडं बोट केलं. तिथं सॅनिटायझरची बाटली टांगलेली होती. तिघांनी मुकाट्यानं हात चोळले. मग तिच्या कपाळाला आणि त्या निर्जीव हाताला तेल लावलं आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. ते फार बोलके नाहीत. त्या दिवशी प्रार्थना करताना त्यांचा आवाज भरून आला होता. आई डोळे मिटून शांत पडली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी काय म्हणू? पस्तीस वर्षं ती ज्याला दुसऱ्यांसाठी हाक मारत आली, तो आज तिच्याच खाटेशी आला होता, एवढं मात्र मला तेव्हा स्पष्ट जाणवलं.

नंतरचे चार महिने कष्टाचे होते. माझा नवरा तारिहाळच्या एका कारखान्यात टर्नर आहे. त्यानं लेथवर तिच्यासाठी नायलॉनच्या वीस खुंट्या करून आणल्या, जाड्यापासून बारीकपर्यंत, आणि त्या बसवायला भोकांची फळी. आई रोज दोन तास बसून त्या खुंट्या उजव्या हातानं काढायची आणि घालायची, मोठ्यानं कन्नडमध्ये मोजत, "वंद, यरड, मूर..." पडली की शिव्या नाहीत, रडणं नाही. सकाळच्या तीन आणि रात्रीच्या दोन गोळ्या वेळेवर. बुधवारी प्रार्थनेला मंडळीतली माणसं घरी यायची. आणि एका सकाळी ती खोलीतून बाहेर आली आणि माझ्यासमोर नुसती उभी राहिली. मला कळेना. मग म्हणाली, "ब्लाउजचे हूक मी लावले." आम्ही दोघी दारातच रडलो.

तिनं साक्ष द्यायची ठरवली, हे ओघानं आलंच. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. वहीची तीन पानं झाली. आठ वीसची वेळ, रिक्षा, इंजेक्शन, तेल, प्रार्थना, जावयाच्या खुंट्या, आणि पाचही गोळ्या नावानिशी, जेवणाआधीची कोणती आणि नंतरची कोणती. मी शाळेत मराठी शिकवते. दुसऱ्याचं लिहिलेलं बघितलं की माझा हात शिवशिवतो. मी म्हटलं, "आई, ही साक्ष आहे, केसपेपर नाही." आणि काटछाट करायला बसले. रिक्षा गेली, इंजेक्शन गेलं, गोळ्या गेल्या. नवरा मागून डोकावून म्हणाला, "माझ्या खुंट्यासुद्धा गाळल्यास?" मी त्याला गप्प बसवलं. उरल्या पंधरा सुबक ओळी, आणि शेवटी मी माझं एक वाक्य जोडलं: आज मी पूर्ण बरी आहे आणि प्रभूवाचून मला कशाचाच आधार लागत नाही.

आईनं ते वाचलं. "हे शेवटचं बरोबर आहे का गं?" तिनं विचारलं.

"भाषेचं मला नको शिकवूस," मी म्हणाले. ती भाषेबद्दल विचारतच नव्हती.

त्या रविवारी तिनं उजव्या हातात कागद धरून साक्ष वाचली आणि चर्च दणाणून गेलं. एवढा मोठा आमेन मी आमच्या चाळीस माणसांकडून कधी ऐकला नव्हता. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. तो मंडळीच्या ग्रुपवर आला, तिथून बेळगावला गेला, गदगला गेला. लोक फोन करून आईला आशीर्वाद मागायला लागले. मी हवेत होते. माझी वाक्यं गावोगाव फिरत होती ना!

साधारण तीन आठवड्यांनी मी हिंगाची डबी शोधत वरचं फडताळ उपसलं, तेव्हा मागं दोन काचेच्या बाटल्या सापडल्या. दोन्हीत गोळ्या. बाटल्यांना चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर आईचं सुवाच्य अक्षर: 'न घेतलेल्या, सकाळच्या.' 'न घेतलेल्या, रात्रीच्या.' खाली तारखा. आईच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा मीच भरायचे. तो रोज रिकामा होत होता, म्हणून मी निर्धास्त होते. औषध फेकणं तिच्या हाताला ठाऊक नाही, आणि लेबल लावल्याशिवाय काही ठेवणंही नाही. पहिली तारीख साक्षीच्या दुसऱ्या दिवसाची होती.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. मी दोन्ही बाटल्या तिच्यासमोर आदळल्या. "हे काय आहे?"

तिनं ताकास तूर लागू न देण्याचा प्रयत्नसुद्धा केला नाही, लपवलं नाही. "लिहिलंय की त्याच्यावर," म्हणाली.

"पस्तीस वर्षं लोकांच्या जिभेखाली बघत आलीस आणि स्वतः...? तुला ठाऊक नाही का काय होतं ते?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय? मी प्रभूच्या नावानं मंडळीसमोर सांगितलं, मला कशाचाच आधार लागत नाही. आणि घरी येऊन गोळी घेऊ? म्हणजे मी खोटी, आणि माझ्याबरोबर तोही खोटा. ते माझ्यानं व्हायचं नाही, बाळ."

"अगं, ते वाक्य माझं होतं!" मी किंचाळले.

"लिहिलंस तू," आई म्हणाली, "बोलले मी."

तुम्हाला हे वेडेपण वाटेल. मलाही वाटलं. पण साक्ष म्हणजे काय, हे जो त्या बाकांवर लहानाचा मोठा झालाय त्यालाच कळेल. कोर्टातली शपथ माणूस विसरेल. देवाच्या घरात उभं राहून देवाबद्दल बोललेला शब्द आमची माणसं विसरत नाहीत. आईनं आयुष्यात खोटं बोललेलं मला आठवत नाही, आणि आता तिला खरं ठरायचं होतं तर जीव पणाला लावूनच. तो शब्द तिच्या तोंडात मी घातला होता, तोही वाक्य जरा गोल व्हावं म्हणून.

मी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. तिनं हात मागं घेतला. नवऱ्यानं समजावलं, ती त्याला प्रेमानं म्हणाली, "जेवून घ्या तुम्ही." शेवटी मी पाळकसाहेबांना फोन केला. म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं ती ऐकेल. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सिस्टरांच्या विश्वासाच्या आड मी कसा येऊ?" मला इतका संताप आला, की आमच्यात निरोपाला म्हणतात तो 'सलाम'सुद्धा न म्हणता मी फोन ठेवला. चार दिवस मी सकाळी उठले की आधी तिच्या खोलीत जायचे आणि तिच्या तोंडाकडं बघायचे, सरळ आहे ना म्हणून. शाळेत वर्गात उभी असतानाही कान फोनकडं. तिला दुसरा झटका आला तर या वेळी ती वेळ सांगायला नसेल, हे मला कळत होतं, आणि तिलाही.

बुधवारी घरी प्रार्थना होती. सगळ्यात आधी आले ते वर्कशॉपवाले अण्णा. रेल्वे वर्कशॉपमधून केव्हाच निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांच्या आधी आमेन म्हणणारे. आमच्या तीन पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. आत येऊन खुर्चीत बसले, तर बोलायला दम पुरेना. आईची नजर त्यांच्या पायांकडं गेली. ती उठली, त्यांच्यासमोर खाली बसली, धोतर जरा वर सारलं आणि नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला, जसा कणकेत राहतो.

"अण्णा," आई म्हणाली, "लघवीची गोळी घेता ना?"

अण्णांनी हसून मान हलवली. "इल्ला, सिस्टर. सोडली की. हार्टाची पण सोडली. तुमची साक्ष मोबाइलवर रोज ऐकतो बघा मी. सकाळी एकदा, झोपताना एकदा. म्हटलं, सिस्टर स्वतः नर्स असून त्यांना आधार लागत नाही, मग मला कशाला पाहिजे? प्रभू काय त्यांचा एकट्याचाच आहे व्हय?"

आई तशीच खाली बसून राहिली. तिचा उजवा हात अण्णांच्या पायावर होता. मी तिच्या तोंडावरचा रंग उतरताना पाहिला आणि मला वाटलं, आला, दुसरा झटका आला. पण ती उठली. तिचा आवाज वॉर्डातला होता, जो मी पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. "रिक्षा बोलाव. याक्षणी. यांना झोपवायचं नाही, बसवूनच न्यायचं. यांची डॉक्टरांची जुनी चिठ्ठी यांच्या घरून मागव." ती स्वतः रिक्षात बसली, वाटभर अण्णांची नाडी धरून. तातडीच्या विभागात तिनं तिथल्या मुलीला कन्नडमध्ये तीन वाक्यांत सगळं सांगितलं, आणि त्या मुलीनं नकळत होकार देत "हौद्री, सिस्टर," म्हणून तिचंच ऐकायला सुरुवात केली. अण्णांना ऑक्सिजन लागला, इंजेक्शन लागलं. दोन तासांनी ते बोलायला लागले.

घरी आल्यावर आई जेवणाच्या टेबलाशी बसली आणि तिनं हात पुढं केला. मी पट्टा बांधला. एकशे ब्याऐंशी. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता सुरू करा. मी गोळ्या आणल्या. तिनं त्या तळहातावर घेतल्या, डोळे मिटले, ओठ हलले, आणि एकामागून एक गिळल्या.

"आता मी खोटी साक्षीदार झाले," ती शांतपणे म्हणाली. "रविवारपर्यंत."

मी म्हटलं, "मी लिहून देऊ का?"

"तू?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुन्हा विचारलं नाही.

तो पहिला रविवार नव्हता. उपासनेआधी आईनं पाळकसाहेबांना गाठून साक्षीसाठी वेळ मागितला. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात घ्या ना, सिस्टर." आई म्हणाली, "पुढच्या महिन्यापर्यंत किती जण गोळ्या सोडतील, पाळकसाहेब?" त्यांनी नुसती मान खाली घातली. मी मनात म्हटलं, भित्रा माणूस.

दुसरं गीत संपलं आणि आई उठून पुढं गेली. कागद नाही, चष्मा नाही. पदर खोचलेला. मंडळीचा मान म्हणजे आमच्यासारख्या मूठभर माणसांत सगळं काही असतं, आणि ती तो आपल्या हातानं उतरवून ठेवायला निघाली होती.

"मागं मी इथं साक्ष दिली," ती म्हणाली, "ती तुम्ही सगळ्यांनी ऐकली. बेळगाव-गदगपर्यंत गेली. ती अपुरी होती. तिच्यातलं शेवटचं वाक्य चुकीचं होतं. ते मी बोलले, चूक माझी आहे." माझ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझं नाव तिनं त्या चुकीला लागू दिलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मग तिनं हात वर केला. "हा हात प्रभूनं बरा केला. हे खरं आहे आणि हे मी मरेपर्यंत सांगेन. पण कसा केला ते ऐका." आणि तिनं सगळं सांगितलं. आठ वीसची वेळ. रिक्षावाला, ज्यानं सिग्नल तोडला. तरुण डॉक्टर. पाळकसाहेबांचं तेल. जावयाच्या वीस खुंट्या. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याची छाती त्या वेळी दोन इंच फुगली. आणि मग पाच गोळ्या, एकेक, नावानं, कोणती कशासाठी.

"मी गोळ्या सोडल्या होत्या," ती म्हणाली. "मला वाटलं, घेतल्या तर प्रभूचा अपमान. बुधवारी मला कळलं, की मीच त्याला अटी घालत होते. बरं कर, पण असं कर, तसं नको. कृपा म्हणजे आपल्या लायकीशिवाय मिळालेलं. कुणी न मागता ताट वाढून पुढं ठेवलं, तर ते चांदीचं का नाही, असं विचारायचं का? मी मूर्खपणा केला. माझ्यामुळं कुणी गोळ्या सोडल्या असतील, तर त्यांनी आज घरी जाऊन सुरू कराव्यात. प्रार्थना करून घ्याव्यात. पण घ्याव्यात."

ती थांबली. साक्ष संपली की आमेन म्हणायचं, पण अशा साक्षीला आमेन म्हणायचं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी खाकरलं. आणि शेवटच्या बाकावरून अण्णांचा आवाज आला. शनिवारी दवाखान्यातून सुटले होते, घरच्यांनी नको म्हटलं तरी आले होते.

"सिस्टर, माझी ती पांढरी, ऊटा आद म्याल, का आधी?"

जेवणानंतर, का आधी. सगळं चर्च हसलं. आई हसली. "नंतर, अण्णा," ती म्हणाली, "पण उपाशी राहून वाट बघू नका." आणि त्या हसण्यातच आमेन मिसळला. पहिल्यासारखा दणदणीत नव्हता तो. पण पहिला आमेन माझ्या वाक्यांना होता आणि हा तिच्या खऱ्या बोलण्याला होता, आणि त्या चार फुटी बाईची मुलगी म्हणून मी त्या बाकावर इतकी ताठ बसले, की पाठ दुखली.

उपासना सुटल्यावर बायका तिच्याभोवती जमल्या. एक म्हणाली, "मी थायरॉइडची घेते हो, पण बरी झाले अशी साक्ष दिल्यापासून न्हाणीत जाऊन घेते, सासूला दिसायला नको." दुसरीची झोपेची होती. आई बाकावर टेकून ऐकत होती, जणू बाह्यरुग्ण विभाग उघडला होता. हळूहळू सगळे गेले. मी तिच्या चपला घेऊन दाराशी आले, तर तिथं पाळकसाहेब उभे होते. आमच्या मागं कुणी नाही, हे त्यांनी आधी पाहिलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "मीही इथूनच साक्ष दिली होती. माझी शुगर गेली म्हणून. तेव्हा खरंच गेली होती. मग परत आली. दोन वर्षं झाली, मी इन्शुलिन घेतो. उपासनेच्या आधी मागच्या खोलीत, कडी लावून. औषधही तिथंच ठेवतो."

मला माझ्या मनातला तो 'भित्रा' शब्द आठवला आणि लाज वाटली. आईनं मात्र डोळेही विस्फारले नाहीत.

"किती युनिट?" तिनं विचारलं.

त्यांनी सांगितलं.

"त्या खोलीत फ्रिज आहे?"

"नाही."

"मग उन्हाळ्यात ते खराब होतं की, पाळकसाहेब. खराब औषध टोचून घेताय तुम्ही." तिनं चपला घातल्या. मग त्यांच्या दंडाला हात लावला, उजवा हात, आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी तुम्ही सांगा. मी पहिल्या बाकावर बसते."

आठवडाभर मी नवऱ्याशी वाद घातला. तो म्हणायचा, सांगणार नाहीत, नोकरीचा प्रश्न आहे त्यांचा. मी म्हणायचे, सांगतील. रविवारी ती लवकर तयार झाली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. दोन गीतं झाली. उपदेशाची वेळ आली. पाळकसाहेब व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत गेले, वर चढले नाहीत, आणि खाली आमच्यातच उभे राहून, आईकडं बघत त्यांनी बोलायला सुरुवात केली.